कोपऱ्यातलं बोट

फ्लॉपीवर फोटो उतरवणारा आमचा जुना कॅमेरा दुरुस्तीवाल्यानं काउंटरवर ठेवला, तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं.

"काका, याला कॅमेरा म्हणायचं की वीट? बॅटरीत नवे सेल भरलेत, फ्लॉपी वाचणारं हेड पुसलंय. फोटो काढलात की घरघर होईल. ती थांबेपर्यंत हलवू नका. म्हातारा आहे बिचारा."

"मीही," मी म्हणालो. विनोद करायचा नव्हता, पण तो आणखी हसला.

पत्नी जाऊन वर्ष होत आलं होतं आणि घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. कॅमेरा कायम तिच्याच हातात. मी मागितला, तर म्हणायची, "मी कुठे पळून चाललेय? माझा नंतर काढा." बिस्किटांच्या डब्यात तिच्या फ्लॉप्या होत्या. चुकून तरी एखाद्या फोटोत ती असेल, एवढीच आशा.

मुलगी आली होती. दुपारभर आम्ही कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एकेक फ्लॉपी पाहिली. सगळीकडे मीच. वाचताना, पेंगताना, कपाळावरचा चष्मा घरभर शोधताना. आणि प्रत्येक फोटोत खालच्या कोपऱ्यात गुलाबी, धूसर डाग. भिंगावर बोट ठेवायची तिची खोड शेवटपर्यंत गेली नाही.

"आईचं बोट तरी आहे," मुलगी म्हणाली आणि तोंड फिरवून चहा करायला गेली.

शेवटच्या फ्लॉपीवर थोडी जागा होती. नवा फोटो निघतो का पाहावं म्हणून खिडकीजवळच्या तिच्या रिकाम्या खुर्चीवर मी कॅमेरा रोखला. घरघर झाली.

फोटोत खुर्ची नव्हती. पुस्तकांच्या कपाटाला टेकून, कॅमेरा छातीशी धरलेला मी होतो. खुर्चीतून काढावा तसा. कोपऱ्यात बोट.

मी आधी स्वतःवरच संशय घेणारा माणूस. जुना फोटो उघडला असेल, म्हटलं. पण माझ्या अंगात मुलीनं त्याच सकाळी आणलेला स्वेटर होता.

पुन्हा बटण दाबलं. आता मी दाराच्या चौकटीतून दिसलो. पुन्हा दाबलं. जिन्यावरून, उघड्या दारातून, पाठमोरा.

मुलगी कप घेऊन आली. तिनं पाहिलं.

"आरशात काढलेत?"

"इथं आरसा कुठाय?"

तिन्ही फोटो ती मागे-पुढे करत राहिली. मग तिचा आवाज बारीक झाला.

"बाबा, पुरे. ती लांब चाललीये."

"अजून एकाची जागा आहे."

"म्हणूनच सांगतेय. नका ना."

ऐकायला हवं होतं. पण ती जात होती, आणि हाक मारायला माझ्याकडे तेवढं एकच बटण होतं. मी खिडकी उघडली. रस्त्याच्या वळणावर कुणी नव्हतं. तिकडे कॅमेरा धरला.

"नंतर म्हणाली होतीस," मी पुटपुटलो.

घरघर खूप वेळ चालली.

फोटो वळणावरून काढलेला होता. आमचं घर. वरची खिडकी. त्यात मी, नखाएवढा.

माझ्या खांद्याला टेकून कुणीतरी उभं होतं. मान जरा कलती, तिची असायची तशी. मुलगी तर मागे टेबलापाशी होती, कप अजून तिच्या हातातच.

मी वाचायचं भिंग आणलं. चेहरा म्हणजे चार करडे चौकोन. त्यात काहीच सापडेना.

खालचा कोपरा मात्र स्वच्छ होता. तिथे बोट नव्हतं.