पाण्याखालून आलेले व्हिडिओ

"नवरा व्हिडिओ पाठवतो, पण बोलत नाय," चंदना म्हणाली.

हवालदार रोहिणीबाईंनी चहाचा घोट घेतला. बायकोशी न बोलणाऱ्या नवऱ्यांच्या तक्रारी घ्यायच्या म्हटल्या, तर खोडाळ्याची चौकी पुरली नसती!

गोरख इंडोनेशियात होता. ज्वालामुखीच्या कुशीतल्या शांत खाडीत पर्यटकांना हवेची टाकी लावून पाण्याखाली न्यायचं त्याचं काम. चंदनानं मोबाइल पुढं केला. काळी वाळू, पिवळे-निळे मासे, एक कासव. गोरखनं उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला.

"म्हणजे काय?"

"सगळं ठीक हाय," दारातला भावेश म्हणाला. गोरखचा धाकटा भाऊ. तोही तिथं बोटीवर होता, होळीला परतला.

"हा व्हिडिओ कधी आला?"

"परवा," चंदना म्हणाली. "सगळे असेच, पाण्याखालचे. फोन केला का कापतो. मधी भावेश तापानं पडला, तवा तर व्हिडिओपण नाय आला."

"घरी शेवटचा कधी आला होता?"

"दिवाळीला. नागली कापताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा शेंडाच गेला. तसाच परत गेला."

रोहिणीबाईंनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. कप खाली ठेवला.

"कुठंतरी पाणी मुरतंय. ह्यात बोट शाबूत आहे. तुटलेलं बोट उगवत नाही, म्हणजे हा व्हिडिओ दिवाळीआधीचा. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून सगळे पाण्याखालचेच निवडले. आणि भावेश, ताप तुला आला, तर तिकडून व्हिडिओ का थांबले? काढ दादाचा फोन."

भावेशनं खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

"दादा खाली, म्या बोटीवर पहाऱ्याला. झोप लागली. उठलो तवा तो तरंगत होता. मालकानं तिथंच पुरला, गप ऱ्हा म्हणाला. आईला काय सांगणार होतो?"

चंदनाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं. दुःख कुठं आहे, तेच तिला सापडेना.

"ह्याला नेणार?" तिनं विचारलं.

"तालुक्याच्या ठाण्यात न्यावं लागेल."

"जरा थांबा, म्याडम. सासू भाताच्या आवणीला गेलीय. पोरगा दिवाळीला येणार म्हणून कोंबडा राखलाय तिनं. आधी ह्यानं तिला सांगू दे." तिनं पदर खोचला. "मी नाय सांगणार."