मडगार्डमधली काडी

रेमीच्या सायकलीचं मागचं मडगार्ड सकाळपासून वाजत होतं. नोआर्लाकचा मठ बघून निघाले तेव्हा नुसती कुरकुर होती. जेवण उरकून पुन्हा रस्त्याला लागेपर्यंत तिची चांगली खडखड झाली, आणि गव्हाच्या शेतांमधल्या त्या निवांत रस्त्यावर दुसरा आवाजच नसल्यामुळे ती कानात घर करून बसली. पुढे रेमी, मागे सोलांज. दोघं भावंडं दर जूनमध्ये आठवडाभर अशीच निघायची. जुने मठ, पडके किल्ले, भिंतीवर चित्रं असलेली खेड्यातली चर्चं, आणि संध्याकाळी पोचू तिथे मुक्काम. यंदा फरक एवढाच होता, की दरवर्षी पुढे असणारी सोलांज मुद्दाम मागे राहिली होती.

हिवाळ्यात रेमीच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते. दम लागेपर्यंत चालवायची नाही, या अटीवर डॉक्टरांनी सायकलीला परवानगी दिली. त्याची बायको कोरीन मात्र डॉक्टरांवर विसंबणारी नव्हती. निघताना तिनं सोलांजचा हात घट्ट धरून सांगितलं, "जसा नेतेयस तसा परत आण." सोलांजचा सगळा जन्म बूर्जमधल्या औषधांच्या दुकानात गेलेला. शब्द दिला की तो पाळायचा, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यामुळे या खेपेला तिनं मठ पाहिला तो वरवर. तिचं सगळं लक्ष भावाच्या पाठीकडे होतं. श्वास जड झाला की माणसाचे खांदे वर जातात, आणि ती त्या खांद्यांवर डोळा ठेवून होती.

"ती खडखड थांबव बाबा," ती ओरडली. "डोकं उठलं माझं."

"स्टेंट वाजतायत माझे," रेमी मागे न बघता म्हणाला. "नवीन आहेत ना, बसायला वेळ लागतो."

"वाह्यातपणा पुरे!"

पुढच्या चौरस्त्यावर ते थांबले. ओकच्या झाडाखाली दगडी क्रूस होता आणि त्याच्या पायाशी हेझलच्या झुडपाच्या काड्यांचे छोटे छोटे क्रूस पडले होते. काही काळे पडून मोडलेले, काही अजून पिवळसर. बेरी प्रांताच्या या भागात प्रेत घरून चर्चकडे निघालं की चौरस्त्यावर थांबतात, आणि घरातलं कुणीतरी असा एक क्रूस तिथे ठेवतं. मेलेल्याची वाट चुकू नये म्हणून. आता शवपेटी मोटारीतून जाते, तरी मोटारसुद्धा क्षणभर थांबते. सोलांजची आजी याच मुलखातली, त्यामुळे तिला हे ठाऊक होतं. रेमी तिच्याहून बराच धाकटा. त्याला आजी आठवतही नव्हती.

सोलांज बाटल्या भरायला खालच्या झऱ्यावर गेली. परत आली तोवर रेमी हात झटकत उभा होता.

"झालं काम. काडी खुपसली मडगार्डात. आता ऐक."

आवाज खरोखरच बंद झाला होता. तिला बरं वाटलं.

पहिल्या वस्तीत एक म्हातारा परसात घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होता. सायकली दिसताच तो सरळ उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी काढून त्यानं छातीशी धरली. ती दोघं पुढे जाईपर्यंत तो तसाच होता.

"बघितलंस?" रेमी खुशीत आला. "याला म्हणतात कदर. तुझ्या बूर्जमध्ये कुणी मला साधं विचारत नाही."

"बूर्जमध्ये तुला ओळखतात," सोलांज म्हणाली.

रस्त्याकडेच्या घरातून एक हात बाहेर आला आणि त्यानं खिडकीची लाकडी झडप ओढून घेतली. मग पलीकडची. मग समोरच्या घराची. जूनच्या उन्हात दुपारी झडपा लावतातच, यात नवल ते काय. पण डाव्या हाताची घरं सावलीत होती. तिथल्या झडपाही लागत होत्या, आणि सगळ्या अर्ध्यावर येऊन थांबत होत्या. प्रेत जाताना लावतात तशा, असं सोलांजच्या मनात आलं आणि स्वतःचाच राग आला तिला. या वयात हे खूळ कुठून शिरलं डोक्यात!

मोंत्रेलच्या चर्चमधली भित्तिचित्रं बघायची असं घरूनच ठरलं होतं. दाराबाहेरच्या बाकावर तीन बायका गप्पा मारत होत्या. रेमी सायकलीवरून उतरला तशा त्या गप्प झाल्या आणि एकामागून एक उठून उभ्या राहिल्या. रेमी सायकल भिंतीला टेकवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. सोलांज आत गेली. आत गारवा होता, मेणाचा वास होता. मधल्या वाटेत शवपेटी ठेवायच्या दोन लाकडी घोड्या मांडल्या होत्या. त्यांच्यावर काहीच नव्हतं. एक बाई जवळच्या मेणबत्त्या नीट करत होती.

"आज कुणाचं आहे का?" सोलांजनं हळू आवाजात विचारलं.

"हो. वाट बघतोय आम्ही."

"गावातलंच कुणी?"

बाईनं हातातली मेणबत्ती खाली ठेवली. ती दाराकडे बघत होती. दारातल्या उजेडात रेमी हेल्मेट काढून कपाळ पुसत उभा होता. मग बाईनं सोलांजच्या दंडावर हात ठेवला.

"धाकटा भाऊ म्हणजे लेकरूच हो. धीर धरा, मादाम."

आपण भावंडं आहोत हे सोलांज तिथे कुणाशीही बोलली नव्हती. तिनं रेमीला आत येऊ दिलं नाही. "दुरुस्तीचं काम चाललंय, आत फक्त धूळ आहे," असं म्हणून तिनं त्याला बाहेरूनच वळवलं. खोटं बोलणं तिला जमत नसे, पण हे एका दमात जमलं.

"अगं, एवढे किलोमीटर धुळीसाठी आलो का आपण?" तो कुरकुरला. आणि सायकलीवर चढताना पहिल्यांदाच अडखळला.

मोंत्रेलच्या बाहेर चौरस्त्यावरच्या क्रूसाच्या पायाशी एक नवा छोटा क्रूस होता. साल सोललेली, काडी अजून ओली. सोलांजनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यापुढच्या चौरस्त्यावरही तसाच एक होता. रस्त्यावर त्यांच्या पुढे कुणीच गेलेलं नव्हतं. एक गाडीही नाही.

चढ तसा काही नव्हता. रेमीचे खांदे वर गेले.

"थांब," ती म्हणाली.

"काही झालं नाही. ऊन आहे."

"थांब म्हणते ना!"

तो बांधावर बसला. चेहरा पिठासारखा झाला होता, ओठांभोवती घाम. तिनं नाडी बघितली. नाडी धावत होती आणि मध्येच एखादा ठोका गाळत होती. फोनला रेंज नव्हती. मदतीला पुढच्याच गावात जाता येणार होतं, आणि त्याला एकट्याला सोडून तर ती मुळीच जाणार नव्हती. कोरीनचा हात तिला मनगटावर जाणवला.

पाणी काढायला ती त्याच्या सायकलीकडे वळली आणि मडगार्डातली काडी दिसली. हेझलची. मधोमध काळा दोरा गुंडाळलेला. दोऱ्यात आडव्या काडीचा मोडका तुकडा अजून अडकून होता.

"रेमी, ही काडी कुठून घेतलीस?"

"त्या झाडाखालून. पडल्या होत्या की ढीगभर. का?"

"काही नाही. पाणी पी."

फेकून द्यावी, हे पहिलं मनात आलं. तिनं काडी उपसलीही. पण आजीचं एक बोलणं कुठून तरी वर आलं. हा क्रूस वाटेत टाकायचा नसतो, घरातल्या कुणीतरी तो न्यायचा असतो. परत नेऊन ठेवायचं तर ते झाड फार मागे राहिलं होतं, आणि रेमीला एवढं मागे चालवणं शक्य नव्हतं. सोलांज काडी हातात धरून उभी राहिली. मग तिनं दुकानातल्या सवयीप्रमाणे विचार केला. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि बघायचं. नुसती खात्री करून घ्यायला, असं तिनं स्वतःला बजावलं. रेमीची पाठ तिच्याकडे होती. तिनं ती काडी आपल्या हँडलवरच्या पिशवीच्या पट्ट्यात खोचली.

थोड्या वेळानं रेमीनं मान वर केली. ओठांना रंग आला होता.

"आहे का काही खायला?" त्यानं विचारलं.

तिनं जर्दाळू दिले. त्यानं सगळे खाल्ले. तिनं पुन्हा नाडी बघितली, मग आणखी एकदा. नाडी संथ आणि सरळ चालली होती.

ते निघाले. मडगार्डाची खडखड पुन्हा सुरू झाली.

"काडी पडली वाटतं," रेमी म्हणाला.

"पडू दे. वाजू दे."

"आता नाही का डोकं उठत?"

"नाही उठत. तू चल."

रेमी शीळ घालत पुढे गेला. त्याचे खांदे खाली होते. सोलांजला हायसं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. तो उताराला लागला, तिच्या बराच पुढे गेला, आणि पहिल्यांदाच तिला त्याला गाठता येईना. पाय जड झाले होते. ऊन आहे, ती मनात म्हणाली.

खालच्या गावाच्या तोंडाशी एक बाप्या ट्रॅक्टर धूत होता. रेमी समोरून गेला तेव्हा त्यानं नळी खाली केली नाही, मानही वर केली नाही.

चौकातल्या नळापाशी रेमी थांबला होता. समोरच्या घरातून एक बाई अॅप्रनला हात पुसत लगबगीनं आली आणि तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. सोलांज पोचली तेव्हा तिचं बोलणं ऐकू आलं.

"मोठी बहीण म्हणजे आईच हो. धीर धरा, मस्यू."

रेमी अवघडून हसला. "अहो, कुणाचं काय बोलताय? माझी बहीण ही काय, येतेय की मागून."

बाईनं मान वळवली. सोलांजकडे पाहिलं, अगदी मायेनं.

"हो ना," ती म्हणाली. "येतेच आहे."

ती घरात गेली. तिच्या खिडकीची झडप अर्ध्यावर आली.

"वेड लागलंय या लोकांना," रेमी म्हणाला आणि बाटली नळाखाली धरली. "सोलांज, तू अशी पांढरी का पडलीस?"

तिच्या हाताखाली पिशवीचा पट्टा होता. काडी काढून पुन्हा त्याच्या मडगार्डात खोचायला तिला एक पाऊल टाकावं लागलं असतं, आणि रेमीची पाठ तिच्याकडे होती.

तिनं हात काढून घेतला.

मागे ट्रॅक्टरवरचं पाणी बंद झालं. तो बाप्या टोपी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला होता, तिनं पुढे जावं म्हणून.