कापशी मांडीवर आहे

दिवा राहू दे, नुसतं दार लोटून घ्या. आणि मध्ये काही विचारू नका.

ही गोष्ट माझी नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किल्लीवाला बसायचा, त्याची आहे. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. खरं म्हणजे फारसा बोलायचाच नाही. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. रडला नाही, दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही. जेवण ओट्यापाशी उभ्याउभ्या उरकायचा. कसं काय विचारलं, तर "चाललंय", एवढंच.

एकवीस नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळचे पावणेआठ. तो दुकान आवरत होता, तेवढ्यात पस्तिशीची एक बाई आली. तिच्या आत्या जवळच तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दोन दिवस फोन उचलत नव्हत्या, बेल वाजवून वाजवून हात दुखले तरी दार उघडत नव्हत्या. यानं हत्यारांची पिशवी उचलली.

जिन्यातला दिवा गेला होता. पुतणी तळमजल्यावर कुणाकडे तरी बॅटरी मागायला थांबली, हा चाचपडत वर गेला. दारापुढे गुडघे टेकले, कुलपात तार घातली. आणि आतून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये असा.

"थांबा हो जरा. कापशी मांडीवर आहे. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

याचा जीव भांड्यात पडला. तार काढून घेतली आणि तिथंच पायरीवर बसला. आत बाई मांजराशी बोलत होत्या. दूध उशिरा आलं, गुडघा आज जरा बरा आहे, खिडकीची कडी कुरकुरते, असलंच काहीबाही. मध्येमध्ये मांजराची घुर्रघुर्र ऐकू येत होती. त्याला तिथून उठावंसंच वाटेना. दिवसभरात काय झालं, हे त्याच्या घरात दोन वर्षांत कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुतणी बॅटरी घेऊन वर आली. यानं तिला सांगितलं, बाई ठीक आहेत, घाई करू नका, मांजर झोपलंय मांडीवर.

ती दोन पायऱ्या खालीच थांबली.

"कुठलं मांजर?"

"कापशी म्हणाल्या."

"काका... कापशी मार्चमध्येच गेली. मीच पुरली तिला."

आतला आवाज बंद झाला होता.

यानं पुन्हा तार घातली. कुलूप उघडलं. दार ढकललं.

अंधार. बॅटरीचा झोत. खिडकीपाशी खुर्ची.

बाई खुर्चीत होत्या. मान खाली. डॉक्टर नंतर म्हणाले, मंगळवारी दुपारीच सगळं आटोपलं होतं.

पण त्यांचे हात...

दोन्ही हात मांडीवर. मात्र मांडीला टेकलेले नाहीत. मध्ये वीतभर अंतर. तळवे वाकलेले. गोल. खाली काहीतरी असल्यासारखे.

पुतणीनं पाहिलं. यानंही पाहिलं.

मग ते हात सावकाश खाली आले... आणि मांडीवर टेकले.

खालून काही उठून गेल्यासारखे.

याच्या पोटरीला काहीतरी मऊ घासून गेलं. दाराकडे. जिन्याकडे.

मी त्याला विचारलं, भ्यायलास का रे? तो म्हणाला, काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळत होतं. पण नाही वाटलं.

पोलीस, डॉक्टर, कागदपत्रं यांत उशीर झाला. घरी आला, आतून कडी घातली, खिडक्या लावल्या आणि आडवा झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा सलग सकाळपर्यंत झोपला.

सकाळी तो माझ्याकडे आला. चला म्हणाला, आणि पुढं चालायला लागला. त्याच्या घरात मांजर कधी पाळलेलं नव्हतं. त्यानं मला पलंगाची दुसरी बाजू दाखवली. बायकोची. तिथली उशी दोन वर्षं जागची हलली नव्हती.

अभ्र्याच्या मधोमध बारीक बारीक भोकं पडली होती. मांजर झोपण्याआधी पंजे चालवतं ना, तशी, जोडीजोडीनं. कापसाचे धागे वर ओढलेले.

मी बोटानं एक धागा दाबला. तो पुन्हा वर आला.