देवरामचं म्हणणं

सिरियलवरून भांडताय होय? भांडा. लाइट यायला वेळ आहे अजून. रोहिणी, तेवढा मोबाईल उपडा ठेव बेटा, उजेड डोळ्यांवर येतो... हां. आता ऐका. तुम्ही इथे राहायला यायच्या आधी आमच्या खालच्या मजल्यावर अश्विन राहायचा. कंपनीत सुपरवायझर. बायको संजना. हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय.

दोघांना ‘सावळीचा डोह’ या सिरियलचं वेड. भुताखेतांची सिरियल. त्यावर वाद घालता घालताच यांचं लग्न जमलं. त्यातल्या भुतांचे सगळे नियम अश्विनला पाठ. संजना चारचौघांत म्हणायची, "याच्याएवढं कुणाला कळत नाही." तेवढ्यावर हा आठवडाभर खूश.

मग त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी देवराम आला. संजना त्याच्याशी ग्रुपबाहेर, वेगळी बोलायला लागली. जेवताना सारखं तेच. देवराम असं म्हणतो, देवराम तसं म्हणतो. एकदा अश्विन म्हणाला, "मेलेल्यांना नदी ओलांडता येत नाही, हा यांचाच नियम. मग मेलेली सावळी अलीकडे आली कशी? लेखक चुकलाय."

संजना हसली. "देवराम म्हणतो, ती आपणहून नाही आली. तिला कुणीतरी हाक मारली."

अश्विनचा घास तोंडातच फिरला. मुद्दा बरोबर होता. तेच झोंबलं त्याला.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. संजना माहेरी गेलेली, इगतपुरीला. तिचा मोबाईल दुरुस्तीला दिला होता, तो आणायला अश्विन संध्याकाळी त्रिमूर्ती चौकात गेला. थंडी मरणाची. मोबाईल घेतला, येताना दुधाची पिशवी घेतली. घरी येऊन दूध तापवलं. मग मोबाईल समोर ठेवून बसून राहिला. बघू नये, हे कळत होतं त्याला. पण तिच्या लॉकचा पॅटर्न माहीत होता...

देवरामचे सगळे व्हॉइस मेसेज. एक लावला.

काही नाही.

आवाज वाढवला. नुसती शांतता. फोन तोंडाजवळ धरून कुणी गप्प बसावं, तशी.

पुढचा लावला. तसाच.

मधेमधे संजनाचा आवाज. "अय्या, हे कसं सुचलं तुम्हाला?" मग पुन्हा शांतता. मग ती हसत, "अश्विनच्या डोक्यात नाही येणार हे कधी."

ते ऐकलं आणि भीती राहिली बाजूला. माणूस आतून जळत असला ना, की... असो. त्याने बटण दाबलं.

"तिच्याशी काय बोलतोस? माझ्याशी बोल. ये समोर."

निळी खूण लगेच आली.

मग उत्तर. त्याने कानाला लावलं.

आणि या वेळी... त्याला ऐकू आलं.

काय, ते मी विचारलं. त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "काका, माझं म्हणणं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं कधी."

सकाळी संजना आली. दार नुसतं लोटलेलं. दुधावर जाड साय. अश्विन दिवाणाच्या टोकाला बसलेला, तिचा मोबाईल कानाला. मान हलवतोय.

"कोण आहे?"

"देवराम."

तिने मोबाईल ओढून घेतला. कानाला लावला. मेसेज पुन्हा लावला. पुन्हा. चेहरा उतरला तिचा.

"मला का नाही ऐकू येत?"

त्याने मोबाईलसाठी हात पुढे केला.

"रात्रभर काय बोलत होता तुझ्याशी? सांग ना."

"तुला नाही कळणार," अश्विन म्हणाला.

घर तिथे मोडलं. मार्चमध्ये ती इगतपुरीला गेली ती गेलीच. महिन्याभराने हाही गेला, कुठे ते सांगितलं नाही. जड सामान तसंच ठेवून किल्ली माझ्याकडे दिली.

मे महिन्यात नवीन भाडेकरूला दाखवायला मी ती खोली उघडली. खिडक्या बंद, सगळीकडे धूळ. दिवाणाच्या एका टोकाला त्याचा तक्क्या, दुसऱ्या टोकाला तिचा.

आणि मधोमध गादीला खळगा. माणूस बसला की पडतो, तसा. तेवढ्याच जागेवर धूळ नव्हती.

मी गादी थोपटली. वर येईना.

मग हात तसाच ठेवला...

ऊब होती.