शाल पांघरलेली खुर्ची

ही घटना खरी आहे. मंडळाचं नाव मात्र सांगत नाही, कारण त्याचे अध्यक्ष दिवसभर फेसबुकवर असतात आणि त्यांना दुसरं काम नाही.

ठिकाण सेलू, जिल्हा परभणी. गेल्या वर्षीचा मार्च.

रात्र वगैरे नव्हती... भर दुपार होती. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी सेलूची दुपार पाहिलेली नाही.

जिच्यासोबत हे घडलं ती माझी मावसबहीण, दिपाली. लोकवाद्यांच्या त्या मंडळात ती संबळाला कातडं चढवायला शिकायचं म्हणून गेली. शिकली काय, तर सूत्रसंचालन.

दिल्लीच्या एका संस्थेची योजना होती. परदेशातला कलावंत दोन महिने मंडळात काम करणार. त्याचं काम पुरं झालं की मंडळातलं एक माणूस बाहेर जाणार. दिपालीचं नाव फिनलंडच्या वाद्यसंग्रहालयासाठी पक्कं होतं. तिथं तिला एकदाची वाद्यं हातात मिळणार होती.

अध्यक्ष दत्तरावांना वाद्यांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना शेजारी उभं करायला परदेशी माणूस पाहिजे होतं. आधी एक कोरियन मुलगी आली होती. तिचे दोन महिने नुसते सत्कारच चालले. शेवटी शेवटी बिचारी नारळ पाहिला की रडायची.

या वेळी पोर्तुगालची मार्ता येणार होती. फ्लेक्स लागला. पुढारी येऊन बसले.

आणि दत्तरावांच्या मोबाइलवर मेसेज आला. मार्ताला दुसरं काम मिळालं होतं. ती येत नव्हती. दिल्लीला तुम्हीच कळवा, असंही लिहिलं होतं.

"सर, आता?" दिपालीनं विचारलं.

"आता काय? फ्लेक्स छापलाय."

"पण सत्कार कुणाचा करायचा?"

"खुर्चीचा. माइकवर सांग, पाहुण्या प्रवासानं थकल्यात, पण मनानं हितंच हायत. दिल्लीला खरं कळवलं तर तुझं फिनलंड बी गेलं. बघ बाई."

दिपालीनं बघितलं. माइकवर सांगितलं.

दत्तराव रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीसमोर वाकले. हवेत कुंकू लावलं. शाल पांघरली. नारळ ठेवला. आणि म्हणाले, "हे मंडळ तुमचंच समजा. आजपासून रुजू व्हा."

पंखा पुऱ्या जोरात फिरत होता. शाल घसरायला पाहिजे होती...

घसरली नाही.

खुर्चीच्या पाठीपासून वीतभर वर थांबली. खांद्यांवर थांबते तशी.

"सर... शाल बघा."

"गप. फोटो चालूय."

दुसऱ्या दिवशी खुर्ची वाद्यांच्या खोलीत टाकून कुलूप लावलं. दुपारी आतून आवाज आला.

ठक्... ठक्...

संबळाची दोरी आवळताना लाकडानं ठोकतात तसा.

दिपालीनं कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. कधीचा फाटून पडलेला संबळ नव्या कातड्यानं मढवलेला होता. बोट लावलं तर कातडं अजून कोमट...

कातडं कुठून आलं, हे दत्तरावांनी विचारलं नाही. फुकट आलं, एवढं त्यांना पुरलं.

मंडळाच्या दारात पडून असणारी कुत्री मात्र त्या दिवसापासून दिसली नाहीत.

मग रोजच चाललं. एकेक वाद्य उभं राहिलं. पाहुण्यांचं काम उत्तम, असा अहवाल दिल्लीला गेला. त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत.

दोन महिने भरले. दत्तराव म्हणाले, "असा पाहुणा मिळत नसतो. काम करायलाय, खायला मागत न्हाई, फोटोत आडवा येत न्हाई. मुदत वाढवून घेऊ."

"मग मी कधी जायचं, सर?"

"तुला कातडं चढवता येतंय का?"

दिपालीच्या डोक्यात सणक गेली. ती तडक खोलीत शिरली आणि खुर्चीला हात जोडले.

"बाई असा का बाबा, कुणी बी असा. तुमचं काम झालंय. आता माझी बारी हाय. मला फिनलंडला जायचंय. माझी वाट सोडा."

ठोकणं थांबलं.

शाल हळूच खाली आली... आणि खुर्चीत गोळा होऊन पडली.

त्यानंतर आवाज नाही. काही नाही. दत्तराव आठवडाभर सुतकात असल्यासारखे फिरले. दिपालीनं काम पूर्ण झाल्याचं दिल्लीला परस्पर कळवून टाकलं. व्हिसा आला. तिकीट आलं.

निघायच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, दत्तरावांना दिल्लीहून फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

दिपाली सुखरूप पोचली. कालच रुजू झाली. बोलत नाही, पण हात फार चांगला आहे. तिकडचे लोक खूश आहेत.

"अहो, मी दिपाली बोलायलेय," दिपाली म्हणाली. "मी हितं सेलूत हाय."

पलीकडून हॅलो, हॅलो झालं. आवाज येत नाही म्हणाले... आणि फोन ठेवला.

"सर, तुमी तरी सांगा त्यांना."

"ते पोचली म्हणत्यात तर पोचली असशील," दत्तराव म्हणाले. "मोठ्या माणसांना कशाला खोटं पाडायचं?"

संध्याकाळी फोटो आला. संग्रहालयातली माणसं ओळीत उभी होती. सगळे हसत होते. मधे एक जागा रिकामी होती... बरोबर एक माणूस मावेल एवढी.

दोन्ही बाजूंच्या माणसांचे हात त्या जागेवर होते. खांद्यावर ठेवतात तसे.

दिपाली घरी आली. मोबाइल आईपुढं धरला. "बघ ना आई, ह्यात कुणी हाय का?"

माझ्या मावशीनं, कस्तुराबाईनं, चष्मा लावला. फोटो मोठा केला. त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि तिचे डोळे भरून आले.

"लय बारीक झालीस गं," मावशी म्हणाली. "येळेवर जेवत जा तिकडं."

हे ती फोटोला म्हणाली.

दिपाली तिच्या शेजारीच उभी होती.

हे सगळं मला दिपालीनं मेसेजवर लिहून कळवलं. मी त्यानंतर मावशीकडं गेलेलो नाही. दिपाली दारात आली, तर मला दिसेल की नाही... खात्री वाटत नाही.