गळ्याचं माप

आषाढ अर्धा सरला होता. पालीच्या खाचरांत लावणी ऐन भरात होती आणि ढगांत बुडालेला राजगड चार दिवसांत कुणाच्या नजरेला पडला नव्हता. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांच्या ओळीत नूतनही होती. तेवढ्यात बांधावरून हाक आली.

"नूतन गोरख... हितंच का?"

साऱ्या बायकांनी एकदम माना वर केल्या. बांधावर एक उंचेला पोरगा उभा होता. रेनकोटाची टोपी मागं पडलेली, केस कपाळाला चिकटलेले, एक खोकं पोटाशी धरलेलं आणि मोबाईलचा हात रेंजसाठी आभाळाकडं.

"मॅडम, पार्सल हाय तुमचं. मोबाईलवर कोड आला असंल, तेवढा सांगा."

"मोबाईल घरात आहे. खुंटीला."

"मग घरी चला."

"आणि ही ओळ कोण लावील? तुम्ही?" नूतननं हातातली रोपांची मूठ पुढं केली. तिनं आपलं थट्टेनं विचारलं होतं. पण त्या पोरानं खोकं बांधावर ठेवलं, बूट काढले, विजार गुडघ्याच्या वर दुमडली आणि सरळ चिखलात उतरला.

"शिवऱ्याचा हाय मी. आमच्याकडंबी भातच असतं. तुमी या जाऊन, तवर ओळ धरतो."

शेजारची बनाबाई खुदकन हसली. "पार्सलवाल्या, रोपं उलटी लावशील बरं का."

"मावशे, उलटी लावली तर भात जमिनीत पिकंल. उंदरांची सोय."

नूतन घराकडं निघाली ती चालत, आणि वळणाआड गेल्यावर मात्र पळत. परत आली तेव्हा तो तिच्या जागेपासून बराच पुढं सरकला होता आणि ओळ थोडी वाकडी, पण लागली होती. तिनं कोड सांगितला. त्यानं चिखलाचं बोट विजारीला पुसून तो मोबाईलवर टाकला.

"लई जड हाय. काय मागवलंय?"

"मणी."

"एवढे? साऱ्या गावच्या बैलांना घालताय काय?"

"माणसांना घालते. माळा करते मी."

"मग माणसं नशीबवान म्हणायची," असं म्हणून तो बूट हातात घेऊनच निघून गेला. नाव तेवढं जाताना सांगून गेला – कुमार. कुणी विचारलं नव्हतं.

नूतन भोरच्या कॉलेजात असताना हे माळांचं वेड तिला लागलं. लिननचा दोरा, म्हणजे आपल्या अळशीच्या धाग्याचाच की, पण मेणात घोळलेला. हिरवा, जांभळा, हळदी, गुलबक्षी, नाना रंगांचा. पावसात कुजत नाही, घामानं विरत नाही. त्यात काचेचे मणी, लाकडाचे मणी, भाजक्या मातीचे मणी ओवायचे आणि दर दोन मण्यांच्या मध्ये एक गाठ. दोरा तुटलाच, तर एखादाच मणी निसटतो, बाकीचे जागच्या जागी. मोबाईलवर फोटो टाकायची, कुठून कुठून मागणी यायची. त्यामुळं कधी दोरा-मणी घेऊन, कधी तयार माळा न्यायला, कुमारची मोटारसायकल नसरापुरातून पालीच्या चढाला लागायची.

आणि नूतनला त्या मोटारसायकलचा आवाज लांबून ओळखू यायला लागला. हे काही चांगलं लक्षण नव्हतं, हे तिला कळत होतं.

श्रावणातल्या एका दुपारी ऊन-पावसाचा खेळ चालला होता. तो ओट्यावर पाणी पीत बसला आणि तिच्या हाताकडं बघत राहिला.

"एक विचारू का, मणीवाल्या बाई?"

"विचारा, पार्सलवाले."

"गाठ बरोबर मण्याला खेटून कशी बसती? मी मारली तर ती मधीच बसंल."

"घाई करणाऱ्यांची मध्येच बसते." तिनं दोरा त्याच्या हातात दिला. "सैल मारा... आता तिच्यात ही सुई घाला. सुईनं गाठ ढकलत न्यायची, मण्यापर्यंत. मग सुई काढायची नि ओढायचं."

त्यानं ढकलली, ओढली – गाठ मध्येच बसली. पुन्हा केली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिनं सुई स्वतः धरली नि म्हणाली, "ओढा... हळू." दोरा एवढासा, दोघांच्या बोटांत. मेणाचा मधासारखा वास दोघांच्या मध्ये. गाठ मण्याला जाऊन टेकली तेव्हा दोघांनीही श्वास सोडला. मग दोघंही उगाच पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याकडं बघत बसली.

"बसली," तो म्हणाला.

"बसली," ती म्हणाली.

एवढंच. पण त्या रात्री नूतनला झोप म्हणून आली नाही.

पुढं नवरात्रात घोटाळा झाला. पुण्याच्या एका नवरीनं मागणी केली होती. लग्नातलं मंगळसूत्र कपाटात ठेवणार, रोज ऑफिसात घालायला सुटसुटीत असं, मेणाच्या काळ्या दोऱ्यात काळे मणी नि मधोमध दोन इवल्या सोन्याच्या वाट्या. नूतननं मोठ्या हौसेनं ते केलं. आणि लांबी बरोबर आली का हे बघायला, दर माळेचं माप जसं बघायची तसं, आपल्याच गळ्यात घालून आरशापुढं उभी राहिली.

आई, साळूबाई, चुलीपासनं ओरडली, "काढ आधी ते. कुवार पोरीनं काळी पोत गळ्यात घालू नये."

"माप बघतीय गं आई. पोत कसली? गिऱ्हाइकाची वस्तू आहे."

पूर्वी जत्रेत पटवेकरी बसायचा. बायका त्याच्यापुढं ओळीनं बसून आपापली पोत गाठवून घ्यायच्या. तोसुद्धा माप घ्यायचा ते दोरीनं, कुवार पोरीच्या गळ्याला काळा मणी लावायचा नाही. साळूबाईला ते दिसत होतं. नूतनला मण्यांमधलं अंतर दिसत होतं. इतक्यात मोटारसायकल वाजली, आणि ही गळ्यातलं गळ्यात ठेवून तशीच बाहेर धावली.

कुमार हसतच उतरत होता. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, तिथनं खाली गळ्यावर गेली, आणि तिथंच थांबली. हसू कुठं गेलं कळलं नाही. चार दिवसांमागं तो आला होता तेव्हा घराला कुलूप होतं, सारी जणं लग्नाला गेलीत असं त्याला शेजारनं कळलं होतं. लग्न नूतनच्या मामेबहिणीचं होतं; नवरा फौजेत, सुट्टी तेवढीच, म्हणून चातुर्मासातच उरकलेलं. पण ते कुणी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

"कोड सांगा... वहिनी."

नूतनला वाटलं, ही नवी थट्टा. "काय म्हणालात?"

"कोड, वहिनी. पुढं मार्गासनीला जायचंय."

पाणी घेतलं नाही. ओट्यावर टेकला नाही. पार्सल देऊन मान खाली घालून गेला.

त्यानंतर नूतनचा जीव ठिकाणावर राहिला नाही. मी काय बोलले? कुठं चुकले? वहिनी म्हणजे काय – ह्याचा भाऊ कोण, नि माझा त्याच्याशी संबंध काय? हळदी दोऱ्याच्या जागी हिरवा ओवला गेला. निळ्या माळेच्या बाईला लाल गेली आणि लालवालीला निळी. रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की ही उठायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची. "पायाला भिंगरी लागलीय का?" आई विचारायची. नूतन म्हणायची, "मुंग्या आल्या पायाला."

दिवाळी झाली, भातं कापून झाली, झोडणी सुरू झाली आणि एक दिवस मोटारसायकलवरनं दुसराच माणूस उतरला. गोल चेहऱ्याचा, बोलका.

"मी ज्ञानू. आता हिकडं मीच येणार."

"आधीचे ते...?" नूतननं खोक्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडत विचारलं.

"कुमार? त्यानं भोरची बाजू मागून घेतली. मला म्हणला, पालीला तू जा. एका घरी लई खेपा व्हत्यात, नि पोरीचं नवं लग्न झालंय, बरं दिसत न्हाई." ज्ञानूनं तिच्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं. "त्या घरातल्याच का तुमी?"

नूतन तिथंच पायरीवर बसली. काळे मणी... आरसा... आईची हाक. सगळं एका दोऱ्यात ओवल्यासारखं समोर आलं. हसावं की रडावं कळेना. ज्ञानू गेल्यावर आधी हसली, मग डोळे पुसले.

मोबाईलमध्ये त्याचा नंबर होता. संध्याकाळी मागच्या परड्यात जाऊन तिनं तो लावला.

"हां वहिनी, बोला. पार्सल न्हाई पोचलं का?"

मी वहिनी नाही, माझं लग्न झालेलं नाही – असं एखादी पोर परक्या माणसाला फोनवर कसं सांगणार? आणि सांगावं तर तो विचारणार, मग मला का सांगताय?

"पोचलं," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

तुळशीचं लग्न लागलं आणि गावात सोयरिकींची बोलणी सुरू झाली. गोरखांनी, तिच्या वडलांनी – ती त्यांना दादा म्हणायची – जेवताना सहज सांगितलं, "रविवारी माणसं येत्यात नूतनला बघायला. चांगलं घर हाय. त्यांच्या मनाला आलं, तर मी सुपारीच फोडणार. उगं लांबण लावत न्हाई."

नूतनचा घास तोंडातच फिरत राहिला. वडलांचा शब्द एकदा गेला, की तो माघारी येत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी आईला म्हणाली, "एक पार्सल मलाच नसरापूरला टाकायला पाहिजे. ज्ञानू यायचा नाही आज." पार्सल खरंच होतं. घाईही होती. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, एवढंच. मार्गासनीपर्यंत दुधाच्या टेम्पोत, किटल्यांच्या मध्ये अंग चोरून. तिथनं शेअर जीप.

बाजाराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये पार्सलांची पोती पडली होती; साऱ्या बाजूंची पोरं इथनंच माल भरून निघायची. कुमार पाठमोरा उभा राहून मोटारसायकलवर पोतं बांधत होता. ज्ञानूनं तिला आधी पाहिलं.

"कुमार, पालीच्या मॅडम आल्यात रं."

तो वळला. हातातली दोरी सुटली, पोतं कलंडलं.

"वहिनी? तुमी... हितं?"

"कुणाची वहिनी?" नूतन म्हणाली. आवाज थोडा चढला असावा, कारण ज्ञानू चहा आणायचं निमित्त करून लगबगीनं बाहेर पडला. "तुमच्या कुठल्या भावाशी माझं लग्न लागलं, ते मला तरी कळू दे."

"गळ्यात होतं तुमच्या... मी बघितलं."

"गिऱ्हाइकाचं होतं. माप घेत होते मी."

"नि घराला कुलूप? लग्न होतं म्हणले."

"मामाच्या पोरीचं."

कुमार पोतं उचलायला वाकला आणि न उचलताच उभा राहिला.

"विचारायचं तरी," ती म्हणाली. "तुम्ही मणी बघितले. मला कुठं बघितलं?"

"तुमालाच बघत होतो," तो हळूच म्हणाला. "आषाढापासनं. म्हणून तर मण्यांकडं दुसऱ्यांदा बघायची छाती झाली न्हाई."

बाहेर हायवेवरनं गाड्या धडधडत होत्या. पत्र्यावर ऊन तापत होतं.

"रविवारी मला बघायला येणार आहेत," नूतन म्हणाली. "त्यांना पसंत पडलं तर दादा सुपारी फोडणार."

"तुमच्या मनात... काय हाय?"

"मनात काही नसतं, तर दुधाच्या किटल्यांत बसून हितवर आले असते? ओढणीला वास येतोय अजून."

तेव्हा कुठं तो हसला. आषाढातलं, बांधावरचं हसू. नूतननं पार्सल टेबलावर ठेवलं, पावती घेतली आणि मागं न बघता जीपच्या थांब्याकडं निघाली. आता पुढं त्याचं त्यानं बघावं. आपण आपल्या वाटणीची वाट चालून आलो.

पण जीप भरायला वेळ लागला. मार्गासनीला टेम्पो मिळेना. वाटभर जीव खालीवर. मी फार बोलले का? कमी बोलले का? तो आज येईल, की चार दिवस विचार करीत बसेल? चार दिवस होते कुठं?

घरापाशी आली तर अंगणात मोटारसायकल उभी. ओट्यावर वडील, आणि त्यांच्यासमोर घोंगडीच्या अगदी काठावर कुमार. आई दारात पदर तोंडाला लावून उभी. नूतन तिच्या आड जाऊन उभी राहिली.

"कुणाचा म्हणालास?" गोरख विचारत होते.

"शिवऱ्याच्या कोंडिबांचा नातू. धनाजींचा थोरला."

"कोंडिबा... बैलांच्या बाजारात पांढरा पटका बांधून यायचे, त्यांचा? भला माणूस. जमीन रस्त्यात गेली म्हणं तुमची?"

"थोडी गेली. राहिली तीबी पुरती. पार्सलांचं काम हाय. नि..." तो अडखळला, "भात लावता येतं."

"ते बनाबाईनं सांगितलंय. वाकडं लावतोस."

कुमारची मान खाली. गोरख तंबाखू मळत राहिले. मग त्यांनी दाराकडं न बघताच विचारलं, "नूतन, पोराला सांगायला तू गेली व्हतीस का?"

नूतन आईच्या आडूनच म्हणाली, "व्हय दादा."

"हं." त्यांनी तंबाखूची चिमूट गालात धरली. "हे बघ, कुमार. रविवारच्या लोकांना मी 'या' म्हणून बसलोय. त्यांना नगं म्हणून सांगणार न्हाई. माणसं दारात येत्याल, चहा-पोहे घेत्याल, आपल्या घरी जात्याल."

कुमारनं जड मनानं मान हलवली. नूतननं आईच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"पर आनखी कुणाला काय बोलायचं असंल," गोरख सावकाश म्हणाले, "तर ते त्यांच्या आधी येऊन बोलत्याल. सुपारी एकदाच फुटती. तुझ्या घरची माणसं शनवारी आण."

साळूबाईनं चहाचा कप पुढं केला. कुमारनं तो घेतला, एक घोट प्यायला, नि एकदम खाली ठेवून उभा राहिला.

"बस की," गोरख म्हणाले. "चहा तर संपव."

"नगं काका," बुटात पाय चुकीचे घालत तो म्हणाला, "आज शुक्रवार हाय."