देहघसारा

पडद्यावर आकडा उमटला आणि निवृत्ती शेवाळेने तो दोनदा वाचला. माणूस एकोणचाळीस वर्षांचा, आणि मोजणी केंद्राच्या पडद्यावर शरीराचं वय एकसष्ट! डिलिव्हरीचा परवाना मिळतो तो शरीराच्या बासष्टीपर्यंतच. याला अजून चांगली पाच वर्षं डिलिव्हरी करायची होती. लेक ऋतुजा नुकती कुठे फार्मसीच्या कॉलेजात शिकायला लागली होती.

मोजणीचं प्रकरण असं. गाडी वापरली की झिजते आणि त्या झिजेची घसारा म्हणून करात वजावट मिळते, हे जुनंच. पण गाडी चालवणाऱ्याचं काय? चार्जिंग, पंक्चर, ॲपचं कमिशन, कर, सगळं वजा करून हातात उरते ती खरी कमाई, की त्यातून आपले गुडघे अन् फुप्फुसंही वजा करायची? दहा वर्षांपूर्वी डॉ. हेमांगी प्रधानांनी दंडावर चिकटवायची एक पट्टी शोधून काढली. सांध्याची कूर्चा झिजली, फुप्फुस थकलं, की त्यांचे सूक्ष्म अंश रक्तात उतरतात. पट्टी ते मोजते. या झिजेला देहघसारा असं नाव पडलं आणि सरकारने त्यावरही वजावट दिली; पुढे त्याच मोजणीवरून शरीराचं वय काढून परवान्याला मर्यादाही घातली. राबणाऱ्यांना एकदाचा न्याय मिळाला म्हणून बाई तेव्हा केवढ्या हरखल्या होत्या!

त्याच बाई आज मोजणी केंद्राच्या प्रमुख म्हणून निवृत्तीसमोर बसल्या होत्या.

"मॅडम, हा आकडा खरा नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आम्ही लबाडी केलीय."

"कसली लबाडी?"

"दर तिमाही मोजणीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे डिलिव्हरीवाले गोदामाचा जिना चढतो-उतरतो. पाठीवर तांदळाचं पोतं, पोटात अन्नाचा कण नाही. पट्टीला घसारा जास्त दिसतो, कर वाचतो. चार वर्षं हेच चाललंय. तेवढा खोटा घसारा काढून टाका अन् माझं खरं वय लावा. दंड भरतो, हवं तर."

हेमांगीबाईंनी चष्मा काढला. या माणसावर चिडावं की त्याची कीव करावी, त्यांना कळेना.

"अहो भल्या माणसा, पट्टी फक्त झीज मोजते. पोतं घेऊन चढलात तेव्हा गुडघा झिजलाच ना? तुमच्या मनात लबाडी होती, हे गुडघ्याला कसं कळणार?"

"म्हणजे तो खोटा घसारा..."

"खोटा नाहीच तो. सगळा खरा आहे."

निवृत्तीने गुडघ्यावर हात ठेवला. रडावंसंही वाटेना, इतका शीण दाटून आला होता.

"वर्षभराचा परवाना देते," बाई म्हणाल्या. "पण ती चढाई आजपासून बंद. लेकीची शपथ घ्या."

"एकदा दिलेला परवाना वर्षाच्या आत कोणी काढून घेत नाही ना?"

"नाही."

"मग शपथ नका घालू, मॅडम. पाच वर्षं मिळाली असती तर जपलं असतं स्वतःला. आता एका वर्षात पोरीची सगळी फी उभी करायचीय. कर भरत बसलो तर कसं भागायचं?"

बाईंनी परवान्याचा कागद पुढे ओढला. त्यांनी सही केली. कागद घेऊन तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"पुढच्या मोजणीची तारीख जरा आधी कळवाल का? जिन्यावर हल्ली फार गर्दी असते."